टियागो, अर्थिंग आणि आजोबांच्या नावाचं मीटर

एप्रिल २०२४ ला गाडी घेतली, टियागो ईव्ही, विजेवर चालणारी, २४ किलोवॅट-अवरची बॅटरी असलेली. आमचं घर फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला, ऑफिस पणजीला, जाऊनयेऊन रोज ५८ किलोमीटर. जुन्या पेट्रोल गाडीला गावातले चढउतार आणि पणजीतलं ट्रॅफिक धरून लिटरला १६ मिळायचे, पेट्रोल ९६ च्या आसपास, म्हणजे दिवसाला साडेतीनशे रुपये नुसते जाळायचे. हिशेब वहीत मांडला, बाबांना दाखवला, बाबा म्हणाले घे. चार्जिंगचं काय असं कोणी विचारलंच नाही, मी पण नाही. शोरूममध्ये सांगितलं होतं की पंधरा अँपचा पॉइंट असला की झालं, फ्रीजसारखी लावायची आणि झोपायचं. पंधरा अँपचा पॉइंट तर आमच्या स्वयंपाकघरात आहेच, त्याच्यावर वाटण वाटायचा रगडा चालतो, म्हणलं झालंच की मग.

तर गाडी आली, पूजा झाली, नारळ फुटला, रात्री सगळे अंगणात जमले आणि मी थाटात केबल काढली. या केबलच्या मध्ये एक डबा असतो, त्याच्यावर लाइटी असतात. एक टोक गाडीला, दुसरं स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेऊन एक्स्टेन्शनला आणि ते रगड्याच्या पॉइंटला. लाल लाइट. काढलं, परत लावलं, लाल. पुस्तक उघडलं तर लाल म्हणजे अर्थिंग नाही, गळलेला करंट जमिनीत जायला वाट नाही. काका म्हणाले गाडीच खराब दिली. शेजारचे म्हणाले चायना बॅटरी. मी गप्प.

दुसऱ्या दिवशी एका वायरमनला बोलावलं. आला, पॉइंट उघडला, आत काहीतरी केलं, पाच मिनिटांत बंद करून म्हणाला लाव आता. हिरवी! दीडशे रुपये घेतले आणि गेला. मी एवढा खूश झालो की त्याला वर पन्नास दिले. त्याने आत काय केलं ते मी विचारलं नाही, ही माझी चूक, आणि ती किती मोठी होती ते कळायला तीन आठवडे लागले.

तीन आठवडे झक्कास गेले. रात्री दहाला लावायची, सकाळी शंभर टक्के. ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो. मग मे महिन्याच्या मध्यावर एका पहाटे आई फुलं काढायला उठली ती मला हाका मारतच आली, अरे काहीतरी जळतंय. मी धावत स्वयंपाकघरात गेलो. धूर नव्हता पण तो वास, प्लास्टिक तापून तापून पिवळं पडतं तेव्हा येतो तो, ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. मेन बंद केला. प्लग ओढला तर येईना, सॉकेटला चिकटला होता. शेवटी सॉकेटची पुढची पट्टीच हातात आली. न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत जातो त्या वायरीच्या, भोकाभोवती प्लास्टिक वितळून खाली ओघळलं होतं, मेणबत्तीसारखं, आणि प्लगची एक पिन अर्धी चॉकलेटी झाली होती. भिंतीवर वीतभर काळा डाग, वर लाकडी फळी, फळीवर तेलाच्या बरण्या. ती फळी मी नंतर कितीतरी दिवस बघत होतो.

आता यात चूक सॉकेटची का गाडीची, तर दोघांचीही नाही. रगडा पंधरा अँपचा पॉइंट वापरतो म्हणून आपल्याला वाटतं पॉइंट दणकट आहे, पण रगडा खातो किती, आणि चालतो किती वेळ, अर्धा तास? गिझर असला तरी पंधरा-वीस मिनिटं. गाडी १४ अँप ओढते आणि सलग ओढते, बॅटरी पार उतरली असेल तर आठ-नऊ तास. आतली स्प्रिंग जरा सैल असेल, वायरीचा स्क्रू जरा ढिला असेल, तर रगड्याला ते चालून जातं, गाडीला नाही. तेवढ्या जागेत उष्णता साठत राहते, सैल जागा आणखी सैल होते, आणखी तापते. त्यात माझं एक्स्टेन्शन, ते दीड एमएमच्या वायरीचं, दहा मीटर. नंतर बसून हिशेब केला तेव्हा कळलं की जुन्या वायरिंगमध्ये आणि त्या एक्स्टेन्शनमध्ये मिळून शंभरेक वॅट नुसते वायर तापवण्यात जात होते, म्हणजे एक जुना बल्ब रात्रभर भिंतीच्या आत पेटवून ठेवल्यासारखं. एक्स्टेन्शनवर गाडी लावू नका हे पुस्तकात लिहिलेलं होतं, मी ते पान उलटून पुढे गेलो होतो.

मग शेजारच्या गावातला एक लायसन्सवाला म्हातारा मिळाला. सगळे म्हणाले काम चोख पण वेळ पाळत नाही. खरंच तसंच. चार दिवस फोन केला की 'फाल्यां येतां बाब', उद्या येतो. पाचव्या दिवशी सांगितलं की फाल्यां म्हणजे नक्की कुठलं फाल्यां, तेव्हा हसला आणि संध्याकाळी आला.

त्याने जळलेला पॉइंट उघडला आणि आत बघून काही बोलेचना. मग मला जवळ बोलावलं, टेस्टरच्या टोकाने दाखवलं. न्यूट्रलच्या स्क्रूमधून एक बोटभर हिरवी वायर काढून ती अर्थच्या पिनला जोडली होती. 'हें कोणें केलें?' मी सांगितलं. 'तुमी वांचल्यात.'

हे जरा नीट लिहितो कारण मला वाटतं हे बऱ्याच घरांत केलेलं असणार. केबलचा तो डबा बघतो की न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात फार फरक नाही ना, अर्थ खरंच जोडलेलं आहे ना. वायरमनने न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडून टाकला, डब्याला वाटलं वा काय छान अर्थिंग आहे, हिरवी. आता समजा मागे कुठेतरी, खांबावर नाहीतर आपल्याच मीटरजवळ, न्यूट्रल तुटला. पावसाळ्यात ते व्हायला किती वेळ लागतो. मग फेजमधून, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीतून, आलेला करंट घरातल्या दिव्यापंख्यातून न्यूट्रलच्या वायरीवर येणार आणि तिथून त्या बोटभर हिरव्या वायरीने थेट गाडीच्या पत्र्यावर. गाडी उभी रबरावर, तिला काही होत नाही. तुम्ही मात्र ओल्या जमिनीवर चपला न घालता उभे आणि दाराच्या हँडलला हात लावला की संपलं. आई रोज पहाटे त्या गाडीला घासूनच फुलं काढायला जायची. म्हातारा हे सगळं कोंकणीतून अगदी शांतपणे सांगत होता आणि मला घाम फुटला होता.

मग खरं अर्थिंग कुठे आहे ते शोधायला निघालो. आमचं घर आजोबांनी बांधलेलं, चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं, मध्ये राजांगण. वायरिंग त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेलं, आणि त्या वेळी अर्थिंग म्हणजे एक तार नळाच्या लोखंडी पायपाला गुंडाळायची अशी पद्धत होती. पायप जमिनीतून विहिरीपर्यंत गेलेला, म्हणजे तेव्हा ते चालत असणार. पण सात-आठ वर्षांपूर्वी बाबांनी सगळे पायप बदलून पीव्हीसी टाकले. प्लंबरने जुना लोखंडी तुकडा भिंतीतच सोडला आणि पुढे प्लास्टिक जोडलं. म्हणजे तार अजून छान गुंडाळलेली, पण ज्याला गुंडाळली तो दोन फुटांचा तुकडा भिंतीत लोंबतोय. म्हाताऱ्याने शंभर वॅटचा जुना बल्ब होल्डरला लावून एक वायर फेजला आणि एक अर्थला धरली. बल्बची तार फक्त लाल झाली, देवासमोरच्या निरांजनाएवढा पण उजेड नाही. 'बाब, हांगा अर्थिंगूच ना.' आई म्हणाली म्हणूनच गिझरच्या नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. हे ती आम्हाला पहिल्यांदाच सांगत होती! सात वर्षं तिला वाटत होतं की गरम पाण्याने तसं होतं.

तर नवीन अर्थिंग. म्हाताऱ्याने पहिली जागा निवडली ती शेडच्या मागे, कारण तिथे बोर्ड बसवायचा होता आणि वायर कमी लागणार होती. तिथे खणायला सुरुवात केली आणि तीन फुटांवर चिरा लागला. आमच्याकडे वरची माती काढली की खाली जांभ्याचा खडक. तो भोकाभोकांचा असतो, पावसात पाणी पितो आणि मे महिन्यात खडखडीत वाळतो, अर्थिंगला एकदम बेकार. ब्रेकरवाला आणून कसंबसं खड्डा केला, दहा फुटी जीआय पायप घातला, भोवती कोळसा आणि मीठ, आणि बल्ब लावला तर फुल पेटला. मला वाटलं झालं. म्हातारा म्हणाला नाही, बल्ब पेटणं वेगळं. त्याने कोणाकडून तरी अर्थ टेस्टर आणला, तो लांब लांब दोन खिळे जमिनीत मारून करंटला किती अडथळा होतो ते मोजतात तो. २८ ओहम. पाहिजे पाचच्या आत. दोन बादल्या पाणी ओतलं की आकडा खाली यायचा, तासाभरात परत वर. साडेतीन हजार आणि दोन दिवस असे गेले.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे सोप्यावर चहा पीत बसलो होतो आणि आई म्हणाली, ओली जागाच पाहिजे ना, मग न्हाणीमागे बघा की, तिथे भर मे महिन्यात पण आळू हिरवागार असतो. न्हाणीचं पाणी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मागच्या केळीला आणि आळवाला जातं, आणि तिथून उतार पोफळीच्या कुळागराकडे (बागेकडे), म्हणजे माती खोल आणि कायम ओली. म्हाताऱ्याने कप खाली ठेवला, उठला, जाऊन पारीने टोचून बघितलं. परत येऊन आईला म्हणाला, 'वयनी, तुमी पयलींच सांगपाक जाय आशिल्लें.' आधीच सांगायला हवं होतं.

तिथे माणसाने हातानेच खणलं, सकाळी सुरू केलं आणि जेवायच्या वेळेपर्यंत खड्डा तयार. या वेळी मीठ-कोळसा न घालता तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि भोवती पिशवीतून मिळते ती पावडर घातली, म्हातारा म्हणाला साबणाच्या पाण्यात मीठ धुऊन जाईल आणि पायप गंजेल. वर सिमेंटचं झाकण, त्याला भोक, म्हणजे दर वर्षी नट उघडून बघता येतो. मोजलं, ४ च्या जरा वर. भर उन्हाळ्यात. पावसात तर आणखी खाली जाणार. तिथून शेडपर्यंत अर्थची वायर लांब आणावी लागली, पण ठीक आहे, वायर विकत मिळते, ओलावा मिळत नाही.

शेडचं पण एक वेगळंच. आधी जिथे गाडी उभी करायचो तिथे वर दोन माड. पेट्रोल गाडीवर एकदा नारळ पडून बॉनेटला खड्डा पडलेला, तेव्हा हसलो होतो, आता या गाडीखाली बॅटरी आणि वरून चार्जिंगची केबल, म्हणलं नको. पाडेलीला बोलावून नारळ उतरवले खरे, पण चुडत, म्हणजे माडाची झावळी, कधी पडेल ते पाडेलीला पण सांगता येत नाही, म्हणून शेवटी शेडच दहा फूट बाजूला सरकवली. त्याच्यामुळे मीटरपासून अंतर २२ मीटर झालं.

वायरीवरून माझं आणि म्हाताऱ्याचं वाजलं. तो म्हणाला चार एमएम पुरे, १४ अँपला भरपूर. तो बरोबरच होता. मी म्हणलं सहा घाल. कारण उद्या सात किलोवॅट घेणारी गाडी आली आणि तसा चार्जर बसवायचा झाला तर चिऱ्याची दीड फुटाची भिंत परत कोण फोडणार, त्या भोकाला एक अख्खी दुपार गेली होती आणि घरभर लाल धूळ. शेवटी सहा घातली, कॉपर, मीटरजवळून सरळ शेडपर्यंत, मध्ये एकही जोड नाही. हे महत्त्वाचं आहे, घरातल्या कुठल्या पॉइंटवरून ओढायची नाही, स्वतंत्र लाइन. मीटरजवळ २० अँपचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), शेडमध्ये आरसीसीबी, पाऊस लागू नये असं झाकणाचं बॉक्स, त्यात चांगल्यातला सोळा अँपचा सॉकेट.

आरसीसीबी म्हणजे करंट जेवढा गेला तेवढाच परत आला का ते बघणारा, ३० मिलिअँपचा फरक पडला की टक् करून पडतो. त्यातही प्रकार असतात हे मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याने जो आणला तो साधा, एसी टाइपचा. मी वाचलं होतं की गाडीचा चार्जर आत एसीचं डीसी करतो त्यामुळे गळती झाली तर ती साध्या लाटेची नसू शकते, साधा आरसीसीबी ती ओळखेलच असं नाही, म्हणून ए टाइपचा घ्यायचा. म्हाताऱ्याने डबी उलटीसुलटी करून बघितली, चष्मा काढला, परत लावला, आणि बदलून आणला. महाग आहे पण सॉकेट जळलेला बघितल्यावर मी पैशाचा विचार करायचं सोडलं होतं. बसवून झाल्यावर त्याने तोच शंभरचा बल्ब परत फेज आणि अर्थमध्ये धरला. बल्ब पेटला पण नाही, त्याच्या आधी आरसीसीबी पडला. 'आतां निद सुखान.' मी चारपाच वेळा परत परत करायला लावलं, मजा वाटत होती.

हे सगळं होईपर्यंत बारा दिवस गेले, तेवढे दिवस पणजीत फास्ट चार्जरवर भागवलं, ऑफिसनंतर तासभर गाडीत बसून. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी लावली आणि हिरवी लागली, खरी हिरवी.

सात किलोवॅटचा चार्जर घ्यायचा का हे मला अजून लोक विचारतात. रोज ५८ किलोमीटरला मला भिंतीतून मोजून आठेक युनिट लागतात, चार्जिंगमध्ये वाया जातात ते धरून. साध्या प्लगवर अडीच तास. रात्र केवढी मोठी असते! महिन्यातून एखाद्या वेळी मडगाव-काणकोण करून रात्री उशिरा आलो आणि पहाटे परत निघायचं असेल तरच अडतं, आणि तेव्हा पण रात्रभरात पुरेसं होतंच. मी नाही घेतला, माझी गाडी तशीही ३.३ च्या वर घेत नाही.

सॉकेटचं झालं, आता लोडचं. आमच्या मीटरला मंजूर लोड, म्हणजे एका वेळी ओढायची परवानगी, ४ किलोवॅट. गाडीच ३.३. रात्री पंखे आणि फ्रीज धरून कसंबसं बसतं, पण पहाटे साडेपाचला आई गिझर लावणार, बाबा कुळागराला पाणी सोडायला पंप लावणार, आणि बाबांच्या खोलीतला एसी चालूच असणार. गाडीचे १४ अँप, गिझरचे नऊ, एसीचे सात, वर पंप सुरू होताना घेतो तो झटका. मेन पडला की सगळ्यांचं तोंड माझ्याकडे. पूर्ण जून-जुलै घरात नियम होता की रात्री ११ नंतर गाडी, पहाटे ५ ला बंद, आणि ११ च्या आधी लावून तसा उपयोगही नव्हता कारण आमचं घर लाइनच्या अगदी टोकाला, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-टीव्ही चालू असले की व्होल्टेज १९० च्या आसपास, गाडी रांगत रांगत चार्ज होते. रात्री अकरानंतर २२५-२३०.

जुलैत आणखी एक. धो धो पाऊस आणि आरसीसीबी दर रात्री पडायला लागला. गाडी लावली नसली तरी. म्हाताऱ्याला फोन, फाल्यां. मीच बॉक्स उघडला तर आत चमचाभर पाणी आणि एक पाल, मेलेली. वायरीचा पायप वरून सरळ बॉक्समध्ये आला होता, पाणी पायपातून घसरत आत. म्हाताऱ्याने येऊन पायप बॉक्सच्या खाली नेला आणि वळवून खालून वर आत घेतला, म्हणजे पाणी खालच्या वळणावरच गळून जातं, आणि भोकं पुट्टीने बुजवली, नाहीतर पालींच्या मागून मुंग्या येतात. विजा चमकायला लागल्या की मी केबल काढूनच ठेवतो. लाइटनिंगसाठी सर्ज प्रोटेक्टर पण बसवलाय बोर्डात, पण काढलेल्या केबलएवढा भरवसा मला कशाचाच नाही.

तर लोड वाढवायला अर्ज करायला गेलो. फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राच्या नियमात असं आलंय की ग्राहकाने मागितलं तर गाडी चार्ज करायला वेगळं कनेक्शन पण देतात. मी विचार केला पण वेगळं मीटर म्हणजे वेगळं बिल, वेगळा फिक्स चार्ज, आणि माझे महिन्याला दोनशे युनिट. घरगुती स्लॅबमध्ये वरच्या पायरीवर जातात ते खरं, तरी मी ठरवलं आहे त्याच मीटरचा लोड वाढवायचा, आणि शेडमध्ये आपला एक छोटा सबमीटर लावायचा, गाडी किती खाते ते कळायला.

काउंटरवरच्या बाईंनी अर्ज बघितला, कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि विचारलं, हे कोण? मीटर आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन चोवीस वर्षं झाली. चोवीस वर्षं आम्ही दर महिन्याला त्यांच्या नावाचं बिल भरत होतो आणि कोणाला काही वाटलं नव्हतं. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या अर्ध्या गोव्याचं असंच आहे. पण लोड वाढवायला सही ग्राहकाची लागते, म्हणून आधी नाव बदला. त्यासाठी मृत्यूचा दाखला, पंचायतीची घरपट्टीची पावती, आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत.

बाकीचे वारस! गोव्यात वडिलोपार्जित घर ज्यांचं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा, त्यात मुलगा-मुलगी सगळे सारखे वाटेकरी, वर नवराबायकोची पण सही. बाबांना दोन भाऊ आणि दोन बहिणी. एक काका गावात, एक मुंबईला, एक आत्या सावंतवाडीला, एक बेळगावला. मुंबईच्या काकांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला की मीटर तुझ्या बाबांच्या नावावर गेलं म्हणजे घर पण जातं का. मी म्हणलं नाही हो काका, फक्त लाइट बिल. ते म्हणाले, तसंच सुरू होतं सगळं. बेळगावच्या आत्याचं वेगळंच, तिला वाटत होतं गाडीला करंट लावला की घराला आग लागेल, आणि मी सॉकेट जळल्याचं तिला बोलून बसलो होतो.

ऑगस्ट असाच फोनाफोनीत गेला. मग बाबा म्हणाले थांब, चवथ आहे ना. चतुर्थीला सगळे मूळ घरी येतात, ते आमच्याकडे अजून चुकलेलं नाही. ७ सप्टेंबरला गणपती बसला. मी वकिलाकडून कागद तयार करून आणलेला, स्टँप पेपरवर, त्यात जाड अक्षरात घातलं की या सहीने घराच्या हिश्शाला काही बाधा येत नाही. आरती झाली, नेवऱ्या झाल्या, दुपारी सगळे पानावरून उठून माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात तिच्याखाली, लवंडले तेव्हा मी मुंबईच्या काकांना शेडमध्ये नेलं. बॉक्स दाखवला, आरसीसीबीचं बटण दाबून पाडून दाखवला, न्हाणीमागचं सिमेंटचं झाकण उघडून दाखवलं. काका आयुष्यभर मिलमध्ये मेंटेनन्सला होते, त्यांनी खाली वाकून रॉडचा नट हाताने हलवून बघितला, घट्ट आहे म्हणाले, आणि आत येऊन सगळ्यात आधी त्यांनीच सही केली. मग बाकीच्यांच्या फटाफट. बेळगावच्या आत्याने सही केली पण अट घातली की तिला गाडीतून मंगेशीला न्यायचं. नेलं. येताना म्हणाली आवाजच नाही रे, झोप लागली.

पुढचं पटकन झालं. नाव बदललं, म्हाताऱ्याने टेस्ट रिपोर्ट दिला, १० किलोवॅटचा लोड मागितला तर थ्री फेज घ्या म्हणाले, म्हणजे एका फेजऐवजी तीन. ऑक्टोबरच्या शेवटी खांबावरून नवीन केबल आली आणि नवीन मीटर बसलं. काही जणांना वाटतं थ्री फेज घेतलं की गाडी भरभर चार्ज होते, तसं काही नाही, माझ्या गाडीचा चार्जर सिंगल फेजचाच, ३.३ म्हणजे ३.३. फायदा एवढाच की गाडी एका फेजवर, गिझर आणि एसी दुसऱ्यावर, पंप तिसऱ्यावर. आई गिझर कधीही लावते आता.

खर्च विचाराल तर वायर, बॉक्स, आरसीसीबी, दोन्ही खड्डे, चिरा फोडणं, म्हाताऱ्याची मजुरी सगळं मिळून एकतीस हजार गेले, शेड सरकवायचे वेगळे, कागदपत्रांचे आणि थ्री फेजचे वेगळे. त्यातला पहिला खड्डा फुकट. बिल महिन्याला हजार-बाराशेने वाढलं, पेट्रोलचे साडेआठ-पावणेनऊ हजार वाचले.

नवीन बिल आलं तेव्हा त्यावर बाबांचं नाव. बाबांनी ते बराच वेळ धरून बघितलं, मग आजोबांच्या नावाचं शेवटचं बिल शोधून काढलं आणि घरपट्टीच्या फायलीत घातलं. काही बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात म्हाताऱ्याचा फोन आला, आपणहून, जे कधी होत नाही. माशेलला कोणीतरी ईव्ही घेतलीय, तिथे पण खाली चिरा लागलाय. 'बाब, तो न्हाणीकडलो फोंड कितलो खोल मारिल्लो आमी?' खड्डा दहा फूट, मी म्हणलं. आणि आधी त्यांच्या आईला विचार, आळू कुठे आहे ते.